गाळणीत अडकलेली ऑर्डर

आमच्या परिचयाचे एक कारखानदार बंधू चामड्याच्या पिशव्या बनवतात. गेल्या वर्षी त्यांना परदेशातील जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "दोन ई-मेल पाठवले, उत्तर का नाही?" पत्रे यांच्या पेटीत आलीच नव्हती. कचरा टपालाला कंटाळून त्यांच्या पुतण्याने सर्व्हरवर एक नियम लिहून ठेवला होता : विषयाच्या ओळीत 'फ्री' किंवा 'ऑफर' हा शब्द दिसला की पत्र नष्ट करावे. गिऱ्हाइकाने विषय लिहिला होता, 'फ्री सॅम्पल व बेस्ट ऑफर'. फोन आला तोवर ऑर्डर दुसऱ्या कारखान्याकडे गेली होती.

दोष पुतण्याच्या हुशारीत नव्हता. स्पॅम म्हणजे नको असलेली जाहिरातवजा व फसवी पत्रे. आणि ती पाठवणाऱ्यांची भाषा व आपली धंद्याची भाषा एकच आहे. ऑफर, डिस्काउंट, अर्जंट, पेमेंट, नमुना हे शब्द आपल्या रोजच्या पत्रव्यवहारातले. डॉक्टर किंवा शिक्षक शब्द पाहून पत्र अडवू शकतील, व्यापाऱ्याला ते परवडत नाही. शिवाय यंत्र शब्द ओळखत नाही, अक्षरे जुळवते. 'सियालिस' हे एका गोळीचे नाव अडवायला जावे, तर इंग्रजी लिपीत 'स्पेशालिस्ट' या शब्दाच्या पोटात तीच अक्षरे त्याच क्रमाने आहेत. म्हणजे 'लेदर स्पेशालिस्ट' म्हणून लिहिणारा भला माणूसही अडकला.

मग नियम लिहूच नयेत का? लिहावेत, पण सर्व्हर काय करतो हे समजून. स्वतःच्या नावाचे डोमेन घेतलेल्या अनेक पेढ्यांचे टपाल ज्या सर्व्हरवर येते, तेथे 'सीव्ह' नावाची छोटी नियमभाषा चालते. सीव्ह म्हणजे चाळणी. तिचे पहिले मानक जानेवारी 2001 मध्ये व सुधारित मानक 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या मूळ मानकात मुद्दामच फेरे घालण्याची सोय ठेवलेली नाही, म्हणजे एखाद्याच्या चुकीच्या नियमाने सगळा सर्व्हर अडकून पडू नये. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. कोणताही नियम लागू झाला नाही, किंवा नियम चालवताना चूक झाली, तर पत्र मुख्य पेटीतच राहते. मुळात ही भाषा पत्र राखणारी आहे. आपण 'डिस्कार्ड' हा हुकूम लिहिला की मात्र पत्र गुपचूप जाते. पाठवणाऱ्याला कळत नाही आणि आपल्यालाही नाही.

म्हणून आम्ही हा हुकूम टाळतो. त्याऐवजी 'फाइलइन्टू' लिहावे, म्हणजे पत्र 'जंक' खणात जाऊन पडते व हवे तेव्हा काढता येते. शब्द ठरवण्याचे कामही स्वतःकडे घेऊ नये. बऱ्याच सर्व्हरवर 'स्पॅमअसॅसिन'सारखा परीक्षक आधीच बसवलेला असतो. तो एका शब्दावर निकाल देत नाही. अनेक खुणा तपासून गुण देतो आणि नेहमीच्या मांडणीत पाच गुण झाले की पत्राच्या शीर्षभागात 'स्पॅम' अशी खूण करतो. आपल्या नियमाने तेवढी खूण पाहावी व पत्र जंकमध्ये टाकावे.

नियमांचा क्रम महत्त्वाचा, कारण सर्व्हर ते वरून खाली वाचतो. ओळखीची गिऱ्हाइके, माल पुरवणारे व बँक यांचा नियम सर्वांत वर असावा : पत्र राखा आणि 'स्टॉप', म्हणजे पुढचे वाचू नका. 'स्टॉप' विसरलात तर तेच पत्र पेटीत राहूनही खालच्या नियमाने त्याची दुसरी प्रत जंकमध्ये जाऊ शकते.

येथे एक धोका आहे. पाठवणाऱ्याचे नाव खोटे लिहिता येते. तुमच्या सूतवाल्याच्या नावाने 'आमचे बँक खाते बदलले, रक्कम नव्या खात्यात भरा' असे पत्र येते आणि वरचा नियम त्याला मानाने आत घेतो! यासाठी नुसत्या पत्त्यावर विसंबू नये. सर्व्हर पत्राच्या शीर्षभागात पडताळणीचा निकाल लिहित असेल, तर 'पत्ता ओळखीचा' व 'डीमार्क पडताळणी उत्तीर्ण' या दोन्ही अटी एकत्र घालाव्यात. त्यानंतरही सावध असावे. खऱ्या माणसाचा पासवर्ड चोरून लिहिलेले पत्र पडताळणीत उत्तीर्णच होणार. खाते बदलल्याचे पत्र आले की जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करावा, पत्रात दिलेल्या नंबरवर नव्हे.

नवा नियम लिहिल्यावर स्वतःच दुसऱ्या पत्त्यावरून दोन-चार पत्रे पाठवून पाहावीत. एकात 'फ्री सॅम्पल' जरूर लिहावे. जंकमधील पत्रे किती दिवसांनी आपोआप पुसली जातात, हेही सर्व्हर पुरवणाऱ्याला विचारून घ्यावे.

आमच्या त्या बंधूंच्या सर्व्हरवर आता दोनच नियम आहेत : वर ओळखीच्यांचा, खाली जंकचा. पुतण्या रोज सकाळी कारखाना उघडल्यावर आधी जंकचा खण पाहतो. पाच मिनिटे लागतात. गेल्या महिन्यात तेथे एका नव्या गिऱ्हाइकाचे नमुन्याविषयीचे पत्र सापडले. त्याला त्याच दिवशी उत्तर गेले.