व्हिलन काढायचा तर काळा खडू कशाला?

मंडळी, इंजिनीअरिंग ड्रॉइंगमध्ये जाड रेघ म्हणजे दिसणारी कडा आणि तुटक रेघ म्हणजे लपलेली कडा, हे पहिल्याच वर्षी आपल्या डोक्यात बसतं (केटीच्या धाकाने का होईना!). कॉमिक्स काढणाऱ्यांचंही असंच एक कोड आहे, फक्त त्याचं टेक्स्टबुक लायब्ररीत मिळत नाही. सुपरहिरो चौकोनी: रुंद खांदे, ठोकळ्यासारखी हनुवटी. व्हिलन त्रिकोणी: टोकदार दाढी, टोकदार भुवया. डिस्नेच्या 'अल्लादीन'मधला (१९९२) जाफर पाहा, चक्क सेट-स्क्वेअर लावून काढल्यासारखा वाटतो. ज्या पोराला अजून वाचता येत नाही तेही पहिल्या चौकटीतच बदमाश कोण ते ओळखतं. इथपर्यंत सगळं झकास.

गडबड सुरू होते ती रंगापाशी. 'द लायन किंग'मध्ये (१९९४) मुफासाची आयाळ तांबूस आणि त्याच्या दुष्ट भावाची, म्हणजे स्कारची, काळी. आपल्याकडे अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'त बरेचसे असुर काळपट, ढेरपोटे, झुपकेदार मिशांचे. आणि कृष्ण? ज्याच्या नावाचा अर्थच काळा, तो निळा! अर्थात निळा कृष्ण कॅलेंडरांपासून चालत आलेला आहे, तेव्हा दोष कुणा एका चित्रकाराचा नाही. पण हिशोब असा झाला की सावळा माणूस हिरो असेल तर तो निळा होतो आणि व्हिलन असेल तर आहे तसाच राहतो.

याचा परिणाम काय होतो ते मी आमच्या बेलपाड्यात पाहिलं. गणपतीत बिल्डिंगमधल्या मुलांना चित्रं काढायला बसवलं होतं, विषय 'व्हिलन'. मुलं नऊ आणि काळ्या खडूसाठी भांडणं! एकाने चित्र पुरं करून शेजारच्या सावळ्या मुलाला दाखवलं, "हा बघ, तू." सगळे हसले. तोही हसला. ते हसणं मला चांगलं ओळखीचं आहे, कारण शाळेत मला 'कालिया' म्हणत आणि मीही तसंच हसायचे.

हे नाव बघा किती राबवलंय. कृष्णाने ज्याच्या फण्यावर नाच केला तो कालिया. 'शोले'मध्ये (१९७५) गब्बरच्या हातून मरणारा कालिया, जो आपल्या विजू खोटेंनी केला. 'छोटा भीम' २००८ मध्ये टीव्हीवर आला, त्यात भीमावर जळणारा पोरगाही कालियाच.

आणि याच नावाचा एक हिरो आहे! १९८० मध्ये, पुन्हा अनंत पै यांच्याच संपादनाखाली, 'टिंकल' सुरू झालं. त्यातला कालिया हा कावळा, चित्रं प्रदीप साठे यांची. हा कालिया काळाकुट्ट, पण सगळ्या जंगलात शहाणा. कीचू-मीचू सशांना खायचा बेत शिजला की हा तो हाणून पाडतो. घराबाहेर ओरडून पाहुणे येणार असल्याची वर्दी देणारा आपला कावळा, इथे संकटाची वर्दी देतो. त्याला गोरं करायची किंवा निळा रंग फासायची कुणाला गरज वाटली नाही.

मग साठेंचे व्हिलन कसे? चमटका कोल्हा आणि डूब डूब मगर. त्यांच्या रंगावरून काहीच कळत नाही, कळतं ते खोडीवरून. चमटका स्वतःला फार हुशार समजतो. प्लॅन त्याचा, पण ताकद मगरीची, आणि मगर म्हणजे सांगाल ते खरं मानणारी. आपल्या भाषेत सांगायचं तर डिझाइन उत्तम आणि एक नट ढिला. दर वेळी तोच नट निसटतो, आणि तो निसटणार हे माहीत असूनही आपण हसतो.

पिक्सारच्या 'द इन्क्रेडिबल्स'ने (२००४) हीच युक्ती सुपरहिरोंच्या दुनियेत नेली. सिंड्रोम हा खरं तर भारी इंजिनीअर, सगळी शस्त्रं त्याने स्वतः बनवलेली. पण त्याला दोन खोडी: एक भाषण ठोकायची, दुसरी केप मिरवायची. शेवटी ती केप त्याच्याच विमानाच्या इंजिनात ओढली जाते. मेकॅनिकलवाल्यांनो, फिरत्या मशीनजवळ सैल कपडे घालू नका ही वर्कशॉपमधली पाटी यापेक्षा चांगली कुणी समजावलीय? आणि हा माणूस गोरा, केस उभे नारिंगी. तरी व्हिलन म्हणून एका सेकंदात पटतो.

तर आता प्रॅक्टिकल. एक व्हिलन काढा, रंग अजिबात नाही, फक्त एचबी पेन्सिल. शेडिंगही करायचं नाही. त्याला एकच खोड द्या: दुसऱ्याची असाइनमेंट उतरवून पहिल्या बाकावर ऐटीत बसणारा, किंवा ग्रुप प्रोजेक्टमध्ये फक्त नाव घालायला येणारा. (मॉडेल शोधायला लांब जायला नको.) ती खोड बसण्यात, मानेत, हाताच्या बोटांत दिसली पाहिजे. मग ते चित्र एखाद्या सात वर्षांच्या मुलापुढे ठेवा आणि काही न सांगता विचारा, "हा कोण वाटतो रे?"