दप्तरातील नोंद आणि नागरिक

प्रास्ताविक

घर, जमीन, जन्म, मृत्यू, कर, रस्ता, पाणी या सर्वांची नोंद कोणत्या ना कोणत्या सरकारी दप्तरात होत असते. माणसाची स्मृती क्षीण होते, साक्षीदार काळाच्या ओघात नाहीसे होतात. कागद मात्र मागे उरतो. परंतु जो कागद कोठे आहे हे ठाऊक नाही आणि जो मागावा कसा हे कळत नाही, तो असून नसल्यासारखाच. प्रस्तुत पाठात काशीच्या राजा घाटाचे उदाहरण घेऊन स्थानिक कार्यालयांतील अभिलेख शोधण्याची आणि मागण्याची रीत समजावून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• सार्वजनिक अभिलेख आणि खाजगी नोंद यांतील फरक सांगता येईल;
• कोणती नोंद कोणत्या कार्यालयात मिळते, याचा अंदाज करता येईल;
• माहितीच्या अधिकाराखाली नेमका अर्ज लिहिता येईल;
• माहिती नाकारली गेल्यास पुढे काय करावे, हे सांगता येईल.

मूळ पाठ

१. घाट आणि त्यामागचे कागद

वाराणसीत दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस, नारद घाट आणि खोरी घाट यांच्या दरम्यान राजा घाट आहे. या घाटाशी अमृतराव पेशव्यांचे नाव जोडलेले आहे. अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र व दुसऱ्या बाजीरावाचे बंधू. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ बाजीरावाच्या सैन्याचा पराभव केला. बाजीरावाने वसईस जाऊन ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला आणि १८०३ मध्ये तो पुन्हा गादीवर आला. अमृतरावांनी इंग्रजांशी वेगळा करार केला, वार्षिक ७ लाख रुपयांची नेमणूक स्वीकारली आणि ते उत्तरेत जाऊन राहिले. १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

घाट कोणत्या वर्षी बांधला, जीर्णोद्धार केव्हा झाला, याविषयी निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी वर्षे आढळतात. अशा वेळी 'लोक असे म्हणतात' एवढ्यावर निर्णय होत नाही. याच नगरीत जन्मलेल्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मवर्षही काही अभ्यासक १८२८, तर काही १८३५ मानतात. समकालीन नोंद हाती नसली की एवढ्या मोठ्या व्यक्तीविषयीही मतभेद शिल्लक राहतो. मग सामान्य कुटुंबाची काय कथा!

काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न निव्वळ इतिहासाचा नसतो. समजा, घाटाजवळच्या एका जुन्या वाड्यात एक वृद्ध विधवा राहते. गृहकराच्या नोंदीत आजही तिच्या आजेसासऱ्यांचे नाव आहे. एके दिवशी कोणीतरी त्या वाड्यावर हक्क सांगतो. बाई म्हणते, "आम्ही येथे चार पिढ्या राहतो." समोरचा विचारतो, "कागद आहे काय?" या एका प्रश्नावर तिचे छप्पर अवलंबून असते.

२. वही आणि दप्तर

काशी, नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या तीर्थक्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. त्यांत यात्रेकरूंची नावे, गावे व वंशावळी लिहिलेल्या असतात. कुळाचा माग काढण्यास त्या फार उपयोगी पडतात. तथापि त्या खाजगी नोंदी होत. त्या दाखवणे हा उपाध्यायांच्या सौजन्याचा भाग आहे. तेथे कायद्याने मागणी करता येत नाही.

शासकीय दप्तराचे तसे नाही. महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, तहसील कार्यालय यांनी आपल्या कामकाजात ठेवलेले कागद हे सार्वजनिक अभिलेख होत. ते कोण्या अधिकाऱ्याच्या मालकीचे नसतात. अधिकारी बदलतो, दप्तर राहते.

३. नोंद कोठे शोधावी?

नोंद शोधताना प्रथम दोन गोष्टी ठरवाव्यात : नोंद कशाविषयी आहे आणि ती किती जुनी आहे. घराचा चालू कर आणि कराच्या नोंदीतील नावाचा बदल यांचे कागद महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात असतात. शेतजमिनीचे कागद महसूल खात्याकडे असतात. महसुलाची जुनी प्रकरणे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जातात. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत यांसारखे नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकांकडे असतात. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंदवही व तिची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते आणि नक्कलही मिळते. यासाठी निराळा माहिती अर्ज करण्याची गरज नाही. त्याहून जुने कागद पुराभिलेखागारात शोधावे लागतात. पेशवे दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले.

प्रांत बदलला की दप्तराची भाषाही बदलते. महाराष्ट्रात 'घरपट्टी' म्हणतात, वाराणसीत 'गृहकर'. येथील 'फेरफार' तेथे 'दाखिल-खारिज' किंवा 'नामांतरण' होतो. आपल्याकडे 'सातबारा' पाहतात, तेथे 'खसरा' आणि 'खतौनी'. आपले 'जन माहिती अधिकारी' तेथे 'जन सूचना अधिकारी' असतात. अर्जात तेथील शब्द वापरला नाही, तर कारकुनाला कागद सापडणे कठीण जाते.

कालगणनेचेही तसेच आहे. उत्तरेकडील जुन्या महसुली कागदांत फसली सन असतो. त्यात ५९२ किंवा ५९३ मिळवले की इसवी सन येतो. फसली १२९१ म्हणजे इ. स. १८८३-८४. पेशवेकालीन मराठी कागदांत शुहूर सन असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. वर्ष चुकले की बस्ता चुकतो आणि 'नोंद आढळत नाही' असे उत्तर मिळते.

४. माहितीचा अधिकार

पूर्वी सरकारी कागद पाहायला मिळणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. राजस्थानात मजुरांना पूर्ण मजुरी मिळेना. तेव्हा त्यांनी हजेरीपट आणि खर्चाची बिले पाहण्याची मागणी केली. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या आणि १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरले. माहितीच्या अधिकाराचा कायदा गोव्यात १९९७ साली, तर महाराष्ट्रात २००० साली झाला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर अधिक प्रभावी कायदा आला. पुढे संसदेने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ संमत केला. तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. पुस्तकी विद्वानांच्या आधी रोजंदारीवरील माणसांनी कागदाचे मोल ओळखले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपली रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, अंदाजपत्रक इत्यादी १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी फलक व संकेतस्थळ पाहावे. हवे ते तेथेच मिळाले, तर वेळ व पैसा दोन्ही वाचतात.

तेथे न मिळाल्यास कलम ६ अन्वये अर्ज करावा. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे महाराष्ट्रात मराठी चालते. वाराणसीत मात्र हिंदीत लिहावे. ज्यास लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लेखी स्वरूपात आणण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. माहिती कशासाठी हवी, याचे कारण देण्याचे बंधन नाही. दोन्ही राज्यांत अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ते माफ आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा व साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तर प्रदेशात ही मर्यादा ५०० शब्दांची आहे.

५. काय मागावे, काय मागू नये?

"माझ्या घरावर दुसऱ्याचे नाव का लावले?" हा प्रश्न रास्त आहे, पण अर्जात तो असा लिहू नये. कायद्याने कागदावर असलेली माहिती मिळते. अधिकाऱ्याने नवे स्पष्टीकरण रचून देणे अपेक्षित नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ च्या एका निकालात हे स्पष्ट केले. विशेष म्हणजे, परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, हेही त्याच निकालाने ठरले. म्हणून 'का' विचारण्याऐवजी 'कोणता आदेश, कोणत्या दिनांकाचा' असे विचारावे. ज्या कागदाच्या आधारे नाव लागले, त्याची प्रत मागावी. 'का' याचे उत्तर बहुधा त्याच प्रतीत सापडते.

अर्जाचा नमुना :

प्रति,
जन माहिती अधिकारी,
महानगरपालिका, वाराणसी.

विषय : घर क्रमांक ……… च्या गृहकर नोंदीच्या प्रती मिळण्याबाबत.

महोदय,
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(१) अन्वये पुढील माहिती मिळावी, ही विनंती.
(१) वरील घराच्या सन १९९० ते आजपर्यंतच्या करनिर्धारण नोंदवहीतील नोंदींच्या प्रमाणित प्रती.
(२) या काळात नावात बदल झाला असल्यास त्याचा अर्ज, सोबतची कागदपत्रे व मंजुरीचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती.
(३) हे अभिलेख समक्ष पाहण्याची परवानगी व त्यासाठी दिनांक आणि वेळ.
मी भारताची नागरिक आहे. विहित शुल्क भरले आहे.
                                      आपली विश्वासू,
                                      (नाव, पत्ता, दिनांक, सही)

हाच मजकूर वाराणसीत देताना हिंदीत लिहावा. कागद समक्ष पाहण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. आधी पाहून मग नेमक्या पानांच्या प्रती मागितल्या, तर खर्च कमी येतो. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. टपालाने पाठवल्यास पावती जपावी. उत्तराची मुदत कार्यालयाला अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून मोजली जाते.

६. नकार मिळाला तर?

सामान्यतः ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असल्यास ५ दिवसांत अर्ज तेथे वर्ग करावा लागतो; अर्जदाराला हेलपाटे घालायला लावता येत नाहीत. मुदत टळल्यास नंतर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. तेथे समाधान न झाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

अर्थात प्रत्येक माहिती मिळतेच असे नाही. देशाची सुरक्षितता, चालू तपास, अन्य व्यक्तीची खाजगी माहिती अशा बाबी कलम ८ मध्ये अपवाद म्हणून सांगितल्या आहेत. मात्र माहिती उघड करण्यातील सार्वजनिक हित मोठे असल्यास ती देता येते. 'फाईल सापडत नाही' हे कारण या अपवादांत नाही. असे उत्तर आल्यास कोणती दप्तरे तपासली आणि कागद नष्ट केला असल्यास तो कोणत्या आदेशाने, असे लेखी विचारावे.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कराच्या नोंदीत नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. ती नोंद एक दुवा असते. खरेदीखत, वारसाचा दाखला, जुनी करपावती असे दुवे जोडले गेले की साखळी तयार होते. कागद मिळवणे हे न्यायाचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे.

वाड्यातील त्या वृद्धेकडे धन नसेल, वशिला नसेल. तरीही दहा रुपयांच्या अर्जाने ती दप्तराचे दार ठोठावू शकते आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला भाग असते. अक्षरओळखीचा याहून मोठा उपयोग तो कोणता? आपली नोंद वाचता येणे आणि ती ठामपणे मागता येणे, हे साक्षर नागरिकाचे बळ आहे.

शब्दार्थ

अभिलेख – जतन केलेला अधिकृत कागद. दस्त – कायदेशीर लेख. नेमणूक – ठरवून दिलेली रक्कम. बस्ता – कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. पोच – मिळाल्याची पावती. विहित – नियमाने ठरवलेले.

पाठगत प्रश्न

१. तीर्थोपाध्यायांची वही सार्वजनिक अभिलेख का नाही?
२. फसली १३०० म्हणजे इसवी सनाचे साधारण कोणते वर्ष?
३. योग्य पर्याय निवडा : माहिती सामान्यतः (१५ / ३० / ९०) दिवसांत द्यावी लागते.

स्वाध्याय

१. "आमच्या गल्लीतील रस्ता एवढा खराब का केला?" हा प्रश्न माहिती अर्जात शोभेल अशा रीतीने पुन्हा लिहा.
२. 'कराच्या नोंदीत नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे.' हे विधान स्पष्ट करा.
३. तुमच्या गावातील ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे मागता येईल असा एक अभिलेख निवडा व १५० शब्दांच्या आत अर्ज लिहा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कुटुंबाकडे असलेल्या जुन्या कागदांची यादी तयार करा. प्रत्येक कागदापुढे तो कोणत्या कार्यालयाने दिला व त्यावर कोणते वर्ष आहे, हे लिहा.