पाठ ६ : घरचा कॉम्प्युटर आणि आपली ठेव

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शाखा उघडून अर्धा तासही झाला नव्हता. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक जुने खातेदार धापा टाकत काउंटरवर आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) "मॅडम, आधी माझं नेट बँकिंग बंद करा, बाकीचं मग सांगतो," एवढेच म्हणाले. आम्ही आधी ते केले आणि मग त्यांना बसवून पाणी दिले.

घडले असे होते. पेन्शन जमा झाली का, हे काका घरच्या कॉम्प्युटरवर बघत होते. अचानक पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि सूचना आली, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या क्रमांकावर लगेच फोन करा. काकांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून एक ॲप घालायला लावले. त्या ॲपमुळे कॉम्प्युटरचा ताबा त्याच्याकडे गेला. 'तपासणीसाठी' म्हणून त्याने मोबाइलवर आलेला ओटीपीही काढून घेतला. बचत खात्यातून ३८,००० रुपये गेले. पुढे मुदत ठेव मोडायची तयारी चालली होती. तेवढ्यात काकांना संशय आला, त्यांनी नेटची वायर ओढली आणि रिक्षा करून शाखा गाठली. ठेव वाचली.

मी विचारले, "काका, तो पडदा खरा कसा वाटला?" ते म्हणाले, "मशीन सहा महिन्यांपासून मंदच होती. व्हायरस असणार असं मलाही वाटतच होतं."

या पाठाचे सार त्या उत्तरात आहे. ठगाने नवी भीती घातली नाही, मनात असलेली भीती वापरली. पुढे कळले, की दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती करताना मेकॅनिकने सांगितले होते, "अपडेट बंद कर दिया है, अब मशीन फास्ट चलेगी." ज्याला आपल्या मशीनची प्रकृती ठाऊक असते, त्याला असा पडदा घाबरवू शकत नाही. ती प्रकृती राखायला महिन्याला अर्धा तासही लागत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

कॉम्प्युटर सुरू केल्यावर जी बाकी सगळ्यांना कामाला लावते, ती ऑपरेटिंग सिस्टीम. बहुतेक घरांत ती विंडोज असते. कोणता प्रोग्रॅम चालवायचा, कोणती फाइल कोणाला दाखवायची, पेन ड्राइव्ह लावला तर काय करायचे, हे तीच ठरवते. आपण टाइप केलेला पासवर्डही तिच्याच हातून जातो. म्हणून बँकेची साइट कितीही भक्कम असली, तरी घरची ऑपरेटिंग सिस्टीम फुटकी असेल तर उपयोग नाही. कुलूप मजबूत आणि दाराची चौकट वाळवीने पोखरलेली, अशी गत होते.

एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये चुका राहतातच. त्या सापडल्या की कंपनी दुरुस्ती पाठवते. हेच अपडेट. मायक्रोसॉफ्ट हे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. दुरुस्ती जाहीर झाली, की भोक कुठे होते हे चोरांनाही कळते. म्हणून अपडेट आल्यानंतरही जो ते घालत नाही, त्याचा धोका उलट वाढतो.

न्हावा-शेवाचा धडा

मालगाडी अडली की मागे काय काय अडते, हे चरोद्याच्या यार्डाजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. २७ जून २०१७ रोजी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात असेच झाले. तिथले एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. त्याचे कॉम्प्युटर एकाएकी बंद पडले. कोणता कंटेनर कुठे आहे, हे सांगणारी यंत्रणाच गेली. काम हाताने करावे लागले आणि माल दुसऱ्या टर्मिनलांकडे वळवावा लागला.

कारण होते 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून झाली आणि जगभरच्या कचेऱ्यांच्या नेटवर्कमधून तो पसरला. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले. सुमारे ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा नव्याने उभे करावे लागले. यात आपल्यासाठी तीन धडे आहेत.

पहिला : पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. त्याच भोकातून १२ मे रोजी 'वॉनाक्राय' येऊन गेला होता. तरीही जून उजाडेपर्यंत असंख्य मशीन तशाच होत्या.

दुसरा : अपडेट घातलेल्या काही मशीनही सुटल्या नाहीत. कारण हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलत होता आणि ते वापरून शेजारच्या मशीनमध्ये शिरत होता.

तिसरा : कंपनीकडे महत्त्वाच्या माहितीच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या, पण त्या सगळ्या एकमेकांना जोडलेल्या. म्हणून सगळ्याच पुसल्या गेल्या. नंतर प्रसिद्ध झालेल्या हकिकतीनुसार घानातल्या कचेरीतली एक प्रत तेवढी वाचली, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती! जोडलेली नसलेली प्रत हीच खरी प्रत.

घरी करायची पाच कामे

१. अपडेट चालू ठेवा. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा. तिथे अपडेट थांबवलेले दिसले तर पुन्हा सुरू करा. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी मशीन तासभर चालू ठेवा आणि मागेल तेव्हा रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केल्याशिवाय बरीचशी दुरुस्ती पुरी होत नाही. क्रोम, एजसारखा ब्राउझरही अपडेट ठेवा.

२. आपली विंडोज कोणती, ते बघा. सेटिंग्ज, सिस्टीम आणि त्यात 'अबाउट' उघडले की कळते. विंडोज ७ ची मदत १४ जानेवारी २०२० रोजीच संपली. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, अशी सोय कंपनीने जाहीर केली. मशीन पात्र असेल तर विंडोज ११ वर फुकट जाता येते. पात्र नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालून तीच मशीन आणखी काही वर्षे चालवता येते. यांनाही पैसे पडत नाहीत. यातले काहीच जमणारे नसेल, तर त्या मशीनवर नातवंडांना चित्रे काढू द्या, पण बँकेचे काम करू नका.

३. 'क्रॅक' केलेली विंडोज नको. दुकानदार थोड्या पैशांत विंडोज घालून देतो तेव्हा बिल मागा. चोरीची विंडोज चालू करणारे प्रोग्रॅम बहुधा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. रखवालदाराला सुट्टी देऊन घरात येणारा पाहुणा कसा असेल, हे वेगळे सांगायला नको. विंडोजमध्ये 'डिफेंडर' हा रखवालदार मुळातच असतो. तो चालू आहे ना, एवढे बघितले तरी घरच्या वापराला पुष्कळ झाले. शंका असेल तर भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या साइटवर घातक प्रोग्रॅम काढण्याची साधने मोफत मिळतात.

४. रोजच्या कामाला साधे खाते वापरा. विंडोजमध्ये दोन खाती ठेवा. एक ॲडमिनचे, त्याचा पासवर्ड वेगळा. दुसरे 'स्टँडर्ड', रोजच्या वापराचे. काही नवीन घालायचे झाले की मशीन बहुधा ॲडमिनचा पासवर्ड मागेल. तो मागितला, की थांबून विचार करायचा : हे मी स्वतः मागवले आहे का? मुलांच्या गेमसाठी तर स्टँडर्ड खातेच द्या. ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड साठवू नका.

५. प्रत काढा आणि वेगळी ठेवा. ठेवीच्या पावत्या, विम्याची कागदपत्रे, आयकर विवरण, घरचे फोटो, हे सारे महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवा. घानातली वीज आपल्यासाठी वेळेवर जाईलच असे नाही.

बँकेचे काम करताना

बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा, शोधयंत्रातल्या जाहिरातीवरून जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांच्या साइटचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन'वर संपतात. ते बघण्याची सवय लावा. आणि काकांना फसवणारा पडदा ओळखण्याची एक सोपी खूण : मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजा खोटे. ऑल्ट आणि एफ४ ही बटणे एकत्र दाबून खिडकी बंद करा. नाहीच झाली तर मशीन सरळ बंद करा, काही बिघडत नाही.

तरीही फसलो तर?

लाज बाळगू नका, वेळ दवडू नका. आधी नेट तोडा. मग मोबाइलवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लगोलग १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. पासवर्ड बदला, पण त्या बिघडलेल्या मशीनवरून नको. ती स्वच्छ करून घेतल्याशिवाय पुन्हा बँकेसाठी वापरू नका.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जबाबदारीची वाटणी ठरवून दिली होती. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तर ग्राहकावर काहीच भार नसे. चार ते सात दिवसांत कळवले, तर साध्या बचत खात्यासाठी भार जास्तीत जास्त १०,००० रुपये असे. पण पासवर्ड किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे असे. आपल्या बँकेचे चालू धोरण शाखेत विचारून घ्या.

काकांच्या बाबतीत हेच लागू पडले. ओटीपी त्यांनी स्वतः सांगितला होता, त्यामुळे ३८,००० रुपये परत आले नाहीत. पण ते धावत आले म्हणून ठेव राहिली. आता त्यांच्या मशीनवर नवी विंडोज आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ते वहीत 'अपडेट झाले' असे तारखेसह लिहितात आणि पासबुक भरायला आले की ती वहीही मला दाखवतात.

स्वाध्याय

१. तुमच्या मशीनवर कोणती विंडोज आहे? शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे?
२. डिफेंडर चालू आहे का?
३. तुम्ही रोज वापरता ते खाते ॲडमिनचे आहे की स्टँडर्ड?
४. महत्त्वाच्या कागदांची वेगळी प्रत कुठे आहे?
५. बँकेचा तक्रार क्रमांक आणि १९३० हे दोन्ही आकडे टेलिफोनजवळ लिहिलेले आहेत का?

उत्तरे वहीत लिहा. एखादे उत्तर लिहिता आले नाही, तर ते काम याच आठवड्यात करा.