पाठ १४ वा : मोहाखालचे अस्वल

फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट या भागांतील माणसे पहाटेच फुले वेचायला रानात जातात. त्याच झाडाखाली आणखी एक जीव येतो. तो म्हणजे अस्वल. दोघांनाही मोह हवा. म्हणून अस्वलाची रीत आपण जाणून घेऊ या.

अस्वलाचे केस लांब, काळे आणि राठ असतात. छातीवर पांढरट पट्टा असतो, गळ्यात माळ घालावी तसा. पुढच्या पायांची नखे बोटाएवढी लांब नि वाकडी असतात. त्यांनी ते वारूळ उकरते. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. अस्वल आधी फुंकर मारून माती उडवते. मग ओठ लांब करून दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेते. तो आवाज दूरवर ऐकू येतो. मध, बोरे, जांभळे, मुंग्या हेही त्याचे खाणे. वाघासारखे ते गुरांवर जगत नाही.

मादी हिवाळ्यात बिळात किंवा कपारीत विते. बहुधा एक किंवा दोन पिले होतात. पुढे ती पिलांना पाठीवर घेऊन हिंडते. आपण पोर पाठुंगळी घेतो ना, अगदी तसे!

मग अस्वल माणसावर का धावते? त्याचे नाक तिखट, पण नजर मंद. खाण्यात दंग असले की माणूस जवळ आलेला त्याला कळत नाही. माणूस एकदम दिसला की ते घाबरते आणि अंगावर येते. पिले बरोबर असली तर विचारूच नका! ते नखांनी डोके नि तोंड फाडते. गुदगुल्या करून मारते म्हणतात, ते खोटे.

तेव्हा एवढे करा. चांगले उजाडल्यावर जा. एकटे जाऊ नका. बोलत, खाकरत, काठी आपटत चला. अस्वल दिसले तर दगड मारू नका. हळूहळू मागे सरा. झाडावर चढू नका, अस्वलही चढते. अंगावर आलेच तर पालथे पडा, हातांनी मान झाका. जखम झाली तर आधी दवाखाना गाठा. वनरक्षकालाही लगेच कळवा. सरकारकडून भरपाई मिळते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अस्वल मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे.

फुले थोडी कमी मिळाली तरी चालेल. घरचा माणूस धड परत आला पाहिजे.

प्रश्न :
१. अस्वल वाळवी कशी खाते?
२. रानात बोलत का चालावे?