जुनी एमजीबी दान करताना

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. 1971 सालची एमजीबी गाडी गॅरेजमध्ये बंद पडून आहे. धर्मादाय संस्थेला दिली, तर बाजारभावाइतकी करवजावट मिळेल का?

उत्तर : बहुधा नाही. संस्थेने गाडी विकून टाकली, तर 500 डॉलरवरची वजावट विक्रीतून आलेल्या रकमेपुरतीच मिळते. त्या रकमेचा फॉर्म 1098-सी संस्था विक्रीनंतर 30 दिवसांत देते. संस्था गाडी स्वतःच्या कामात भरीव वापरणार असेल, तर गोष्ट वेगळी. आणि तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन घेत असाल, तर या दानावर वजावटच नाही.

मला खरी काळजी गाडीची वाटते. सरसकट लिलावात बंद एमजीबी भंगाराच्या भावात जाते. आधी दाराखालची सिल टोकरून पाहा. रंगाखाली पत्रा भुसभुशीत लागला, तर दुरुस्ती महागात पडेल. पत्रा शाबूत असेल, तर इंजिन बंद असल्याने घाबरू नका. या गाडीचे सुटे भाग आजही सहज मिळतात. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. त्यात ॲबिंग्डनच्या कारखान्यातली बांधणीची तारीख आणि मूळ रंग कळतो.

माझा सल्ला : एमजी क्लबातल्या जाणकाराला गाडी विका आणि आलेले पैसे दान करा. संस्थेला जास्त मिळेल, गाडीही रस्त्यावर राहील.