रेडिओ-नियंत्रित विमान : पहिली निवड कशी करावी?

आकाशात झेपावणाऱ्या विमानाचे आकर्षण लहानथोरांना सारखेच असते. हे आकर्षण अभ्यासाकडे वळवण्याचे उत्तम साधन म्हणजे जमिनीवरून रेडिओलहरींच्या साहाय्याने चालवले जाणारे प्रतिकृती विमान. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी १९३७ च्या सुमारास असे विमान यशस्वीपणे उडवले. त्यांचे ‘गफ’ नावाचे ते विमान आज तेथील राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानप्रतिकृतींच्या शिक्षणास पूर्वीपासून स्थान आहे. अलीकडे शाळांची विज्ञान मंडळे आणि हौशी तरुणही या छंदाकडे वळू लागले आहेत.

मात्र पुष्कळदा हा छंद पहिल्याच दिवशी संपतो. खरेदी करताना लढाऊ विमानाच्या देखण्या प्रतिकृतीवर दृष्टी खिळते. ते विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच जमिनीवर आदळते, त्याचे तुकडे कपाटात पडून राहतात आणि ‘हे आपले काम नव्हे’ असा समज विद्यार्थ्यांच्या मनात घर करतो. दोष बहुधा विद्यार्थ्याचा नसतो, निवडीचा असतो. पहिले विमान शोभेची वस्तू नसून शिक्षक असते, हे ध्यानात घेऊनच ते निवडले पाहिजे. ते संथ उडावे, चूक झाल्यास स्वतः सावरणारे असावे आणि पडल्यास त्याच दिवशी दुरुस्त व्हावे.

संथ गतीचे गणित

विमान किती सावकाश उडू शकेल, हे मुख्यतः त्याच्या पंखभारावर अवलंबून असते. एकूण वजनास पंखाच्या क्षेत्रफळाने भागले म्हणजे पंखभार मिळतो. समजा, पंखाची लांबी १२० सेंटिमीटर आणि सरासरी रुंदी २० सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर झाले. बॅटरीसह वजन ८४० ग्रॅम असेल, तर पंखभार दर चौरस डेसिमीटरला ३५ ग्रॅम येतो. असे विमान ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगापर्यंत हवेत तग धरू शकते. त्याखाली पंखाची उचल मोडते आणि विमान खाली येते. पंखभार दुप्पट झाल्यास हाच किमान वेग सुमारे १.४ पट होतो, म्हणजे ताशी ३५ किलोमीटरच्या घरात जातो. नवशिक्याला विचार करण्यास मिळणारा वेळ त्या प्रमाणात घटतो. लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचे पंख लहान आणि वजन अधिक असल्याने त्या या कसोटीवर मागे पडतात. हे गणित माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही सहज करू शकतात.

याउलट, अतिशय लहान व हलके विमानही सोयीचे नाही. उघड्या माळावर ते वाऱ्याबरोबर वाहवत जाते आणि दूर गेल्यावर त्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे ते कळत नाही. म्हणून १ ते १.५ मीटर लांबीचे पंख असलेले विमान मध्यम व हितकर समजावे.

स्थिर रचना

पंख विमानाच्या धडाच्या वरच्या बाजूस असावा आणि त्याची दोन्ही टोके किंचित वर उचललेली असावीत. विमान एका बाजूस कलले म्हणजे ते त्या बाजूस घसरू लागते. त्या वेळी खाली गेलेल्या पंखाला हवा अधिक कोनातून मिळते, त्याची उचल वाढते आणि विमान पुन्हा सरळ होते. चालकाने काहीही न करता ही सुधारणा घडते, हेच या रचनेचे मोल. इलेक्ट्रॉनिक स्थिरक बसवलेली विमानेही मिळतात. त्यांची मदत घेण्यास हरकत नाही. परंतु मूळ रचनेतील स्थैर्याला तो पर्याय नव्हे.

आरंभी तीन नियंत्रणे पुरेशी आहेत : मोटारीचा वेग, नाक वर-खाली करणारी शेपटीवरील पट्टी आणि डावीउजवीकडे वळवणारे सुकाणू. पंखांवरील पट्ट्यांचे चौथे नियंत्रण हात बसल्यावर शिकता येते.

साहित्य व शक्ती

बाल्सा लाकडाचे विमान बांधणे हे स्वतंत्र शिक्षण आहे. परंतु कित्येक दिवसांचे श्रम पहिल्या उड्डाणात मोडून पडण्याचा धोका त्यात असतो. म्हणून पहिले विमान लवचीक फोमचे घ्यावे. ते तुटले तरी योग्य गोंदाने जोडता येते. जर्मनीतील मल्टिप्लेक्स कंपनीचे ‘ईझीस्टार’ याच कारणाने अनेक देशांतील नवशिक्यांच्या पसंतीस उतरले. त्याचा पंखा नाकावर नसून पंखांच्या मागे, वरच्या बाजूस आहे; त्यामुळे विमान नाकावर पडले तरी पंखा व मोटार बहुधा वाचतात.

इंधनावरील इंजिनापेक्षा विजेची मोटार सोपी व स्वच्छ असते. मात्र तिची लिथियम-पॉलिमर बॅटरी काळजीपूर्वक हाताळावी लागते. प्रत्येक घट ४.२ व्होल्टपर्यंतच भारित करावा. त्यासाठी याच बॅटरीचा चार्जर वापरावा आणि भारण चालू असताना जवळ जबाबदार व्यक्ती असावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, कारण ती पेट घेऊ शकते. वर्गात मोटारीची चाचणी घेताना पंखा काढून ठेवावा. फिरता पंखा बोटास गंभीर इजा करतो.

दरपत्रक मागवताना

संस्थेच्या खरेदीत केवळ ‘रेडिओ-नियंत्रित विमान, नग एक’ असे लिहून सर्वांत कमी दर स्वीकारल्यास बहुधा खेळणे पदरी पडते. मागणीपत्रात पंखाची लांबी, बॅटरीसह वजन, पंखभाराची मर्यादा, फोमची बांधणी आणि २.४ गिगाहर्ट्झचा नियंत्रक यांचा स्पष्ट उल्लेख असावा. दोन बॅटऱ्या, योग्य चार्जर, जादा पंखे व सुटे पंख-शेपूट यांचे दर त्याच पत्रकात मागवावेत. सुटे भाग न मिळणारे स्वस्त विमान अखेरीस महाग पडते. पुढे दुसरे विमान घेतल्यावरही उपयोगी पडेल असा नियंत्रक निवडणे काटकसरीचे ठरते.

उड्डाणापूर्वी

विमान आपल्याकडे येऊ लागले की त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते आणि नवशिक्याचा हात उलटा पडतो. अशा वेळी जो पंख खाली झुकला असेल त्या बाजूस दांडी ढकलावी, म्हणजे विमान सावरते. संगणक असलेल्या शाळेत उड्डाणाच्या सरावप्रणालीवर आधी काही तास हा सराव करून घ्यावा. अनुभवी चालकाच्या हाती दुसरा नियंत्रक जोडून देण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी. चूक होताच त्याला विमान आपल्या ताब्यात घेता येते.

निर्मात्याने सांगितलेल्या जागी विमानाचा गुरुत्वमध्य आहे की नाही, हे प्रत्येक वेळी तपासावे. वजन मागे सरकलेले विमान आवरत नाही. पहिले उड्डाण सकाळच्या मंद वाऱ्यात, वस्ती, वीजतारा, रस्ता व गुरेढोरे यांपासून दूर असलेल्या मोकळ्या मैदानावर करावे.

केंद्र शासनाच्या ‘ड्रोन नियम, २०२१’ अन्वये हवाई क्षेत्राची लाल, पिवळी व हिरवी अशी विभागणी करण्यात आली आहे. लाल व पिवळ्या क्षेत्रात परवानगीविना उड्डाण करता येत नाही. हिरव्या क्षेत्रातही सर्वसाधारण उंचीची मर्यादा १२० मीटर आहे. विमान सदैव नजरेच्या टप्प्यात ठेवावे. मुंबईसारख्या शहरांत पोलीसही वेळोवेळी मनाई आदेश काढतात. यास्तव जागा ठरवण्यापूर्वी शासकीय नकाशा व प्रचलित नियम पाहावेत आणि स्थानिक पोलीस ठाण्यास व ग्रामपंचायतीस पूर्वसूचना द्यावी. ग्रामपंचायतीने योग्य मैदान व वेळ नेमून दिल्यास सुरक्षिततेचा निम्मा प्रश्न सुटतो.

पंखभार मोजणारा, गुरुत्वमध्य शोधणारा आणि मोडलेला पंख जोडून पुन्हा मैदानात उतरणारा विद्यार्थी विज्ञान हाताने शिकत असतो. त्याला ही संधी अनेकवार मिळावी, एवढ्यासाठीच पहिले विमान साधे, संथ आणि दुरुस्त होणारे असावे. वेगवान विमान नंतरही घेता येईल. शिकण्याचा उत्साह मात्र पहिल्या दिवशीच जपावा लागतो.