डिस्कची वाटणी

वडिलार्जित जमिनीची वाटणी एकदा झाली, की बांध हलविणे किती कठीण, हे आपल्याकडे कोणास सांगावयास नको. संगणकाच्या डिस्कचेही तसेच आहे, हे मी एका वर्गमित्राचे नुकसान होता होता शिकलो.

त्याच्या संगणकावर मी डेबियन लिनक्स बसवून दिले. डिस्क 256 जीबीची. 'सिस्टिमला 10 जीबी पुष्कळ झाले' असे म्हणून रूट विभागास तेवढे दिले आणि बाकीची जागा होम विभागास, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फायलींना. प्रथम सारे ठीक चालले. पुढे नवे प्रोग्रॅम, जुने कर्नल, रोजच्या नोंदी रूटमध्ये साचत गेल्या. प्रकल्पाचा अहवाल द्यावयाच्या आदल्या रात्री पासवर्ड बरोबर दिला तरी संगणक पुन्हा पासवर्डच मागू लागला! रूट तुडुंब भरले होते आणि शेजारच्या होममध्ये 200 जीबी जागा रिकामी होती.

एक्स्ट-फोर या फाइल-रचनेत साधारण 5 टक्के जागा प्रशासकासाठी राखीव असते. त्या आधारे मी आत शिरलो, जुन्या नोंदी व कर्नल काढले आणि अहवाल वाचला. होम वेगळे होते म्हणून फायलींना धक्का लागला नाही, हेही खरे. म्हणजे वाटणी चुकली नव्हती. प्रमाण चुकले होते. रूटला लागूनच होम असल्याने रूट वाढविण्यास वावही नव्हता.

मग प्रमाण ठरवावे कसे? अंदाजाने नव्हे, मोजून. चालू असलेल्या संगणकावर 'डीएफ' ही आज्ञा दिली, की कोणत्या विभागात किती जागा व्यापली ते कळते. त्याच्या दुप्पट तरी द्यावी. 256 जीबीची डिस्क संगणकाच्या हिशेबात सुमारे 238 भरते, कारण कारखानदार हजाराने मोजतो व संगणक 1024 ने. 8 जीबी रॅम असल्यास मी आता अशी वाटणी करतो: ईएफआय 1, स्वॅप 8, रूट 50, त्याला लागून 39 पडीक, उरलेले 140 होम. रॅमइतका स्वॅप अशासाठी, की हायबरनेट करताना रॅममधील मजकूर तेथे ठेवला जातो. पडीक जागा रूटशेजारीच हवी. पुढे रूट तिच्यात सहज वाढविता येते. विभाग वाढविणे सोपे, आकसणे जिकिरीचे.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांना हा हिशेब नकोसा वाटेल त्यांनी सर्व फायली एकाच विभागात ठेवाव्यात. डेबियनचा इन्स्टॉलरही नवख्यांस हेच सुचवितो. मात्र दोन्ही मार्गांत फायलींची एक प्रत डिस्कबाहेर हवीच. त्या रात्री आमच्याजवळ ती नव्हती.